फिर्यादी तो फितूर नव्हे

चार भावांचे एकत्र कुटुंब फुटले की गावाचा पहिला प्रश्न असतो, 'कोर्टात आधी कोण गेला?' आणि जो गेला असेल त्याच्या माथी घर मोडल्याचे पातक मारून गाव मोकळा होतो. वकिलीत वीस वर्षे काढल्यावर या गावकीच्या न्यायाचा आम्हांस वीट आला आहे. इंग्लंडातील 'बीटल्स' या वादकमंडळीच्या फुटीबाबत पॉल मॅकार्टनी यांना आजही हाच न्याय लावला जातो. आमच्या परिचयातली चांगली सुशिक्षित माणसेही तो लावतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

या पानांवर रॉक संगीताचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, हे चौघे १९६८ साली ऋषिकेशास महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात ध्यानास बसले होते. आणि ज्या अखेरच्या तबकडीवरून हा वाद माजला त्या 'लेट इट बी'मध्ये जॉर्ज हॅरिसन यांचे 'आय मी माइन' हे गीत आहे. मी, मला, माझे! अहंकाराची झडती घेणारे हे गीत ३ जानेवारी १९७० रोजी मुद्रित झाले, तेव्हा चौघांतले जॉन लेनन तेथे नव्हतेच. ममत्वावरचे गाणे गायला भावंडे एकत्र जमू नयेत, यावर वेगळे भाष्य नको.

आता घर कोणी सोडले ते पाहू. रिंगो स्टार ऑगस्ट १९६८ मध्ये रुसून गेले व परत आले. हॅरिसन १० जानेवारी १९६९ रोजी तालमीतून उठून गेले, तेही समजूत काढल्यावर परतले. त्याच वर्षी सप्टेंबरात लेनन यांनी आपण मंडळी सोडत असल्याचे सोबत्यांना स्पष्ट सांगितले. धंद्याच्या सोयीसाठी ती गोष्ट झाकून ठेवण्यात आली. मॅकार्टनी यांचे निवेदन १० एप्रिल १९७० रोजी लोकांपुढे आले. म्हणजे उंबरठा ओलांडणारा हा चौथा, आणि दोष मात्र पहिल्याचा!

तबकडीचा इतिहास तर याहून बोलका आहे. तिचे बहुतेक मुद्रण जानेवारी १९६९ मधले. ते मनास न आल्याने बाजूस पडले. मग मंडळींनी 'ॲबी रोड' ही तबकडी नव्याने केली व ती २६ सप्टेंबर १९६९ रोजी बाहेर आली. चौघांनी मिळून शेवटी सिद्ध केलेले काम तेच. शिळे पडलेले मुद्रण पुढे फिल स्पेक्टर यांच्या हाती गेले. त्यांनी १ एप्रिल १९७० रोजी मॅकार्टनी यांच्या 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या साध्या पियानोगीतावर अठरा व्हायोलिने, हार्प आणि चौदा स्त्रियांचा गायनवृंद चढविला. कर्त्याला विचारले नाही. त्याने १४ एप्रिलला लेखी हरकत घेतली, काय कमी करावे ते कलमवार कळविले. तरी ८ मे रोजी तबकडी होती तशीच विक्रीस आली.

तिघांची संमती होती, मग एकाचे काय चालणार, असा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. तो कायद्याने लंगडा आहे. इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा आणि आपला १९३२ चा, दोन्ही सांगतात की बहुमत चालते ते नित्याच्या बाबींत. धंद्याचे स्वरूपच बदलायचे तर सर्वांची संमती हवी. कर्त्याचे गीत त्याच्या पाठीमागे दुसऱ्याच रूपात बाजारात आणणे ही नित्याची बाब म्हणावयाची काय? न्यायालयाने हा मुद्दा स्वतंत्रपणे निकालात काढला नाही, हे कबूल. पण ३१ डिसेंबर १९७० रोजी दाखल झालेल्या फिर्यादीत ही तक्रार पुराव्यादाखल होती. मुख्य तंटा व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्या नेमणुकीचा व हिशेबाचा. १२ मार्च १९७१ रोजी न्यायमूर्ती स्टॅम्प यांनी मिळकतीवर रिसीव्हर नेमला. तीन भागीदार एका बाजूस असताना एकट्याचे म्हणणे उचलून धरले. भागीदारी विधिवत् संपण्यास १९७५ चा जानेवारी उजाडला. गाऱ्हाणे असलेल्या भागीदाराने कज्जा न करता दुसरे काय करायचे होते, हे त्याला बोल लावणाऱ्यांनी एकदा सांगावे.

इथवर आम्ही मॅकार्टनी यांचे वकीलपत्र आनंदाने घेतो. पण नोव्हेंबर २००३ मध्ये 'लेट इट बी... नेकेड' या नावाने तीच तबकडी 'शुद्ध' करून काढण्यात आली. स्पेक्टर यांचा साज उतरविला, दोन छोटे तुकडे गाळले, मधली थट्टामस्करी पुसली आणि पूर्वी नसलेले एक गीत घातले. लेनन यांनी स्पेक्टर यांच्या कामाची उघड तारीफ केली होती. ते १९८० साली वारले. ज्याचे मत ठाऊक आहे पण ज्याला आता हरकत घेता येत नाही, अशा भागीदाराच्या पाठीमागे दस्त दुरुस्त करणे आम्हांस १९७० च्या आगळिकीइतकेच गैर वाटते. मूळ तबकडीत निदान तिघांची संमती आणि एकाचा निषेध, दोन्ही खरे आहेत. या दुसऱ्या प्रकरणी आम्ही वकीलपत्र परत करतो. आणि गाणे ऐकावेसे वाटले म्हणजे जुनीच तबकडी लावतो, त्या नकोशा हार्पसकट.