परदेशातला पैसा मोजता, मग मत का नाही?



भिवंडीहून मी महाड, खेड, चिपळूणच्या दुकानदारांना कापड पुरवतो. ईदेपूर्वी माल उचलताना त्यांचे ठरलेले बोलणे असते, "आखातातून पैसे आले की हिशेब चुकता करतो." म्हणजे माझ्या वहीतली उधारी दुबई, दमाम, कुवेतला राबणाऱ्या माणसाच्या पगारावर उभी आहे. तो पगार अडला की दुकानदार अडतो, त्याच्यामागे मी अडतो आणि माझ्यामागे यंत्रमागवाला. म्हणून त्या माणसाचे हक्क हा फक्त पुढाऱ्यांचा विषय नाही, आपल्या धंद्याचाही आहे.

जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली परदेशातल्या हिंदी लोकांनी १११ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. त्या वर्षी इतकी रक्कम जगात दुसऱ्या कोणत्याही देशाला मिळाली नाही. पैशाची अशी चोख मोजदाद होते. आता मताची पाहा.

२०१० च्या कायदादुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या हिंदी नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येऊ लागले. पण अट अशी की मत द्यायला त्याने पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावे. मालकाकडून रजा मागायची, तिकिटाला पदरचे पैसे घालायचे आणि एक बटण दाबून परतायचे! हे कोणत्या मजुराला परवडेल? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अशा सुमारे १ लाख १९ हजार मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मत दिले तीन हजारांहून कमी लोकांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे.

काही जण म्हणतात, जो इथे राहत नाही त्याने इथला कारभार का ठरवावा? माझे उत्तर साधे आहे. आखातात तीस वर्षे काढली तरी सहसा नागरिकत्व मिळत नाही. सौदी, अमिराती, कतारमध्ये कामगार संघटना काढायलाही बंदी आहे. तिथे त्याला आवाज नाही, आणि इथेही नसेल तर तो कुठला? घर, शेत, मुलांची शाळा सारे इथेच आहे आणि म्हातारपणी तो इथेच परतणार आहे.

२०१६ साली सौदीत हजारो हिंदी कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले, जेवणाचीही पंचाईत झाली. सरकारने मदत केली, हे खरे. पण मदत ही मेहरबानी असते. मतदाराला मात्र हक्काने जाब विचारता येतो.

उपाय काय? दुसऱ्याच्या हातून मत देण्याचे विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झाले. मला त्याचे दुःख नाही. आपले मत दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करणे. २०२० साली निवडणूक आयोगाने टपाली मतपत्रिकेची तयारी दाखवली, तरी २०२४ ची निवडणूक तिच्याविनाच पार पडली. वकिलातीतल्या आपल्या सरकारी नोकराला टपालाने मत देता येते, मग त्याच शहरातल्या गवंड्याला का नाही? फिलिपाइन्सने २००३ साली कायदा केला आणि २००४ पासून त्यांचे मजूर वकिलातीत जाऊन मत देऊ लागले. तिथे मत गुप्त राहते आणि मालकाचा दाबही पोचत नाही. मला हाच मार्ग बरा वाटतो.

दोन कामे आपल्या हातची आहेत. ज्यांचा भाऊ, मुलगा बाहेर आहे त्यांनी त्याच्याकडून फॉर्म ६-अ भरून घ्यावा. त्याला पैसे लागत नाहीत. आणि बाजारपेठेतल्या व्यापारी मंडळांनी ठराव करून आपल्या खासदाराकडे द्यावा. यादीत नावेच नसतील तर मागणी कुणाच्या नावाने करणार? वहीत नोंद नसलेली उधारी कधी वसूल होत नाही, हे आपल्यापेक्षा अधिक कोण जाणतो?