परत मागे जाता येत नाही तेव्हा

"फुफी, कुछ भी दबाओ, आखिर में वहीच होता."

हे माझ्या भाच्याचं मत. तो बारावीत आहे. भागाभागांनी येणाऱ्या, गोष्ट सांगणाऱ्या व्हिडिओ गेम्सबद्दल त्याची ही कायमची तक्रार. ती अगदीच खोटी नाही. २०१२ साली टेलटेल कंपनीचा 'द वॉकिंग डेड' पाच भागांत आला. पहिल्याच भागात एका शेतावर चालते मुडदे हल्ला करतात. एक लहान मुलगा आणि शेतमालकाचा तरुण मुलगा, यांपैकी कुणाकडे धावायचं ते आपण ठरवायचं. कुणाकडेही धावा, शेतमालकाचा मुलगाच मरतो. आणि हा गेम तर खेळणाऱ्याला बजावून सांगतो की गोष्ट तुमच्या निर्णयांप्रमाणे घडत जाईल! पोराला फसवणूक वाटली तर त्यात नवल नाही.

तरी मला वाटतं, खेळणाऱ्याची निवड कुठे असते हे तो चुकीच्या जागी शोधतोय. हे मला उन्हाळी सुट्टीत कळलं, त्याच्याच लॅपटॉपवर 'लाइफ इज स्ट्रेंज' खेळताना. (पेपर तपासून झाले होते. वेळेचा हिशोब मागू नये.)

हा गेम पॅरिसच्या डोंटनॉड स्टुडिओचा. २०१५ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर या काळात तो पाच भागांत आला, साधारण दोन महिन्यांनी एक भाग. गोष्ट अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या एका काल्पनिक गावाची. मॅक्स ही अठरा वर्षांची मुलगी तिथे फोटोग्राफी शिकते. तिला अचानक वेळ मागे फिरवता येऊ लागते. चुकीचं बोललं गेलं, मागे जा, नीट बोल. आम्हा शिक्षकांना ही विद्या मिळाली असती तर!

तिच्या वसतिगृहात केट नावाची मुलगी आहे. धार्मिक, अबोल. एका पार्टीत तिला कुणीतरी गुंगीचं औषध देतं, त्या अवस्थेतला तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो आणि सगळी शाळा तिला हसते. दुसऱ्या भागात मॅक्स आपल्या मैत्रिणीसोबत हॉटेलात बसलेली असताना केटचा फोन येतो. घ्यायचा की नाही? घेतला तर मैत्रीण रुसते. त्याआधी केटच्या खोलीत जाणं होतं. भिंतीवर, टेबलावर घरच्यांचे फोटो, पत्रं, तिच्या श्रद्धेच्या खुणा. हे सगळं थांबून बघता येतं, किंवा कामापुरतं काम करून निघताही येतं. गेम काहीच सक्ती करत नाही.

त्या भागाच्या शेवटी केट वसतिगृहाच्या गच्चीच्या कडेला उभी असते. मॅक्स सगळी ताकद लावून वेळ थांबवते, गच्चीवर पोचते, आणि नेमकी तिथेच तिची शक्ती संपते. आता मागे जाता येत नाही. फक्त बोलायचं आहे. आणि काय बोलायचं ते आपण आधी काय पाहिलं, फोन उचलला की नाही, यावर अवलंबून असतं. घरात तिच्यावर माया करणारं कोण? तिला धीर देणारं बायबलचं वचन कोणतं? ज्याने तिची खोली नीट पाहिली त्यालाच हे ठाऊक.

मला ठाऊक नव्हतं. फोन मी घेतला नव्हता. खोलीतून घाईने बाहेर पडले होते. मी तिच्या आईचं नाव काढलं, तर ती आणखी खचली. ती मुलगी गेली.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी हळूहळू गप्प झाली. मी तिला निबंधाच्या शुद्धलेखनावरून बोलत राहिले. मग ती यायची बंद झाली. तिच्या घरी जायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की तिच्या घरी कोण कोण आहे, तिचं कुणाशी पटतं, यातलं मला काहीच माहीत नाही. हजेरीपटावर वडिलांचं नाव होतं, तेवढंच.

गच्चीवरच्या त्या प्रसंगात निवड म्हणजे दोन बटणांपैकी एक दाबणं नाही. ती आधीच, नकळत, झालेली असते. उलट पाचव्या भागाचा शेवट बघा. जिवलग मैत्रीण क्लोई वाचवायची की वादळाच्या तोंडी असलेलं अख्खं गाव? प्रश्न भव्य आहे, पण मला पोकळ वाटला. गाव वाचवलं तर काळ पहिल्या दिवसावर जातो आणि मधल्या दिवसांत आपण केलेलं सगळं पुसलं जातं, केटचं मरणसुद्धा. क्लोईला वाचवलं तर ज्यांच्यासाठी इतका जीव टाकला त्या गावकऱ्यांचं काय झालं ते धड कळतही नाही. इथे भाच्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

भागांमधल्या अंतराचंही तसंच. लहानपणी उर्दू मासिकात 'बाक़ी आइंदा' वाचलं की महिनाभर डोक्यात तीच गोष्ट घोळायची. २०१५ मध्ये ज्यांनी केटला गमावलं, त्यांना ते ओझं दोन महिने वागवावं लागलं. ती वाचली असेल तर चौथ्या भागात मॅक्स तिला इस्पितळात भेटते. आता पाचही भाग एकदम मिळतात. एका रात्रीत सगळं उरकतं, पस्तावायला वेळच नाही.

भाच्याला विचारलं, तुझी केट वाचली का? म्हणाला, हो तर. यूट्यूबवर बरोबर उत्तरं आधीच बघून ठेवली होती. म्हणजे त्याने खोलीही पाहिली नव्हती, फोनचाही विचार केला नव्हता, आणि वर मलाच सांगत होता की यात काही बदलत नाही. भाग संपल्यावर किती टक्के खेळणाऱ्यांनी काय केलं ते पडद्यावर दिसतं. वाचवणाऱ्यांच्या टक्क्यांत तो, न वाचवणाऱ्यांत मी.

"फुफी, वो सीन फिरसे खेल सकते. मैं निकालके देतूं," तो म्हणाला.

मी म्हटलं, राहू दे तसंच.