कोणत्या गावची गं तू?

चांदवडला बाया ट्रकात भरून नेल्या, असं म्हणणारे शहाणे अजून भेटतात. ट्रकात गेलो, खरंय. भरून कुणी नेलं नाही. नोव्हेंबर १९८६, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन. मी ११ वर्षांची, भाकरीच्या गाठोड्याला टेकलेली. भाकरी घरची, गाडीभाडं मायनं कोंबड्या विकून दिलेलं.

तोवर मला घर असं नव्हतंच. आजी म्हणायची, परक्याचं धन. आत्या माहेरी आली की ती पाहुणी, सासरी गेली की परक्याची पोर. मग बाईनं राहावं कुठं?

चांदवडात नजर जाईल तिथवर बाया. एकीनं माझ्या झग्याला लाल बिल्ला लावला अन् विचारलं, "कोणत्या गावची गं तू?" कोणाची नाही, कोणत्या गावची! असं मला आधी कुणीच विचारलं नव्हतं.

चळवळीनं पोरी बिघडवल्या म्हणं. बिघडलो तर बिघडलो. पुढं लक्ष्मीमुक्तीत आम्हीच दारोदार फिरलो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणत. बापानं दोन एकर मायच्या नावे केली, तर तलाठ्यानं तीनदा विचारलं, "नक्की ना?" भावांच्या वाटणीला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.