गंज काढावा, साक्ष पुसू नये

१/ जुन्या मोटारीची दुरुस्ती हा गॅरेजचा विषय. इतिहासाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध? १९६० च्या दशकातील अमेरिकन ‘मसल कार’पुरता तरी तो अगदी थेट आहे. अशी गाडी उघडणारा मेकॅनिक एक अस्सल साधन हाताळत असतो आणि घाईच्या एका दिवसात ते साधन कायमचे नष्ट होऊ शकते. म्हणून दुरुस्तीचा आराखडा आखण्यापूर्वी गाडीवरील प्रत्येक खुणेला एक प्रश्न विचारला पाहिजे: हा बिघाड आहे की पुरावा?

२/ थोडी पार्श्वभूमी. मध्यम आकाराच्या, तरुणांना परवडेल अशा गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवायचे, ही मसल कारची सोपी व्याख्या. १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ ही बहुतेकांच्या मते तिची सुरुवात. दशकभरातच प्रदूषणाचे नियम, महागलेला विमा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हे पर्व आटोपले. अस्सल गाड्या मोजक्या उरल्या आणि त्यांच्या किमती वाढल्या. किंमत वाढली की बनावट येतेच. जुन्या सनदांच्या बाबतीत हे आपण पाहिलेले आहे.

३/ उदाहरण शेव्हरले शेव्हेलचे. १९६९ पासून तिचे ‘एसएस’ हे रूप स्वतंत्र मॉडेल न राहता खरेदीच्या वेळी निवडण्याचा एक संच झाले. परिणामी गाडीच्या ओळख-क्रमांकावरून ती मुळात एसएस होती की नाही, हे ठरत नाही. साध्या मालिबूवर बिल्ले आणि पट्टे चढवून तिला एसएस म्हणून विकणे त्यामुळे सोपे झाले.

४/ मग खरेखोटे ठरते कशावरून? बहुधा एका कागदावरून. जुळणी करणाऱ्या कामगारांना कोणत्या गाडीत काय बसवायचे, हे सांगणारा छापील तक्ता कारखान्यात गाडीबरोबर फिरत असे. काम संपले की तो सीटच्या स्प्रिंगांत किंवा इंधनटाकीच्या माथ्यावर तसाच राहून जाई. जपून ठेवण्यासाठी तो कोणी लिहिला नव्हता आणि म्हणूनच तो विश्वसनीय आहे. बखरीपेक्षा हिशेबाचा कागद अधिक बोलका ठरतो, तोच हा न्याय.

५/ आता नेहमीची दुरुस्ती कशी होते ते पाहावे. गाडी येते, सडलेली सीट फेकली जाते, गंजलेली टाकी भंगारात जाते. दोन्ही निर्णय यांत्रिकदृष्ट्या बरोबर असतात. पण त्यांच्याबरोबर गाडीचा जन्मदाखलाही भंगारात गेलेला असू शकतो.

६/ या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटातील दोन गाड्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग धावते, तो प्रसिद्ध पाठलाग याच चित्रपटातला. (काटेकोर वर्गीकरणात मस्टँग ही ‘पोनी कार’, पण ३९० घन इंचांचे इंजिन असलेली ही जीटी सर्रास मसल कारमध्ये गणली जाते.) दोन्ही गाड्यांचे क्रमांक लागोपाठचे होते.

७/ त्यांपैकी एकीचा क्रमांक ८आर०२एस१२५५५९. तो ताम्रपटासारखा वाचता येतो. ‘८’ म्हणजे १९६८, ‘आर’ म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ‘०२’ म्हणजे फास्टबॅक बांधणी, ‘एस’ म्हणजे ३९० चे इंजिन. उरलेला अनुक्रमांक. काळ, स्थळ, प्रकार, क्रम: सारे एका ओळीत.

८/ ही गाडी १९७४ मध्ये एका कुटुंबाने सुमारे ६,००० डॉलरना घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. १९७७ मध्ये स्वतः मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेला आणि गाडी उभी राहिली, ती काही दशके.

९/ दुसरी, उड्यांसाठी वापरलेली गाडी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया भागात इंजिनाविना सापडली. तिच्यावरून दुसऱ्याच एका चित्रपटातील मस्टँगची प्रतिकृती बनवण्याचे ठरले होते. क्रमांकाची चौकशी झाली आणि २०१७ मध्ये तिची खरी ओळख पटली.

१०/ ओळख पटवताना उपयोगी पडल्या त्या चित्रीकरणासाठी केलेल्या फेरफारांच्या खुणा: बळकट केलेले शॉक टॉवर, केबल नेण्यासाठी डिकीत पाडलेली छिद्रे. कोणताही डेंटिंगवाला अशी छिद्रे सर्वांत आधी बुजवील. त्याच्या दृष्टीने ती खोट. अभ्यासकाच्या दृष्टीने ती स्वाक्षरी. चौकशीला उशीर झाला असता, तर उत्तम कारागिरीनेच पुरावा मिटवला असता.

११/ म्हणून निदानाचा क्रम बदलायला हवा. प्रथम छायाचित्रे आणि क्रमांकांची नोंद. मग सीटखाली, गालिच्याखाली, टाकीच्या माथ्यावर कागदाचा शोध. मग पत्र्यावर लोहचुंबक फिरवून पाहणे. तो जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. ही पुट्टी म्हणजे दस्तऐवजातील खाडाखोड: आधी कोणी, कुठे हात लावला, ते ती सांगते.

१२/ त्यानंतर यंत्र. मस्टँगला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो. म्हणून तळाचा आणि सांध्यांचा गंज आधी तपासायचा. मग ब्रेक, मग इंधनाची टाकी व नळ्या (वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर होतो), मग वायरिंग, मग प्रत्येक सिलिंडरचा दाब. रंग सर्वांत शेवटी, आणि शक्य असेल तर नाहीच. हौशी मालक नेमका उलटा निघतो: आधी चकाकी, मग ब्रेक.

१३/ यावर रास्त आक्षेप असा की, गंज म्हणजे इतिहास नव्हे, तो नाश आहे. आणि गाडी चालण्यासाठीच असते. दोन्ही मान्य. कुजलेला ब्रेकपाइप ‘अस्सल’ म्हणून ठेवणे हा अभ्यास नाही, आत्मघात आहे. पत्रा खात चाललेला गंज थांबवलाच पाहिजे. पण थांबवणे वेगळे आणि सगळे खरवडून नवे करणे वेगळे. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपता येतो. केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवता येतो. त्याला खर्च जवळपास नाही.

१४/ हे व्यवहार्य आहे, याची साक्ष पहिली बुलिट गाडीच देते. तिचे यंत्र पुन्हा चालते केले गेले, पण विटलेला रंग, खरचटे आणि चित्रीकरणाच्या खुणा तशाच राहिल्या. त्याच रूपात ती २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. नवा रंग चढवला असता, तर ती एका सुंदर मस्टँगसारखी दिसली असती. अशा मस्टँग पुष्कळ आहेत.

१५/ प्रत्येक जुनी गाडी बुलिट नसते, हे खरे. पण कोणती आहे आणि कोणती नाही, हे खरवडून झाल्यावर कळत नाही. रंग पुन्हा केव्हाही देता येतो. मूळ रंग पुन्हा देता येत नाही. पाना उचलण्याआधी वही उघडावी, ती याचसाठी.

(समाप्त)