यंत्र बिघडलें कीं वाट तुटली?

गेल्या पावसाळ्यांतील एक प्रसंग या अंकाच्या वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. बदलापूर येथील एका विद्यार्थ्याच्या घरीं सायंकाळीं जाण्याचा योग आला, तों घरांत मोठी धांदल चाललेली. इयत्ता अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज दुसऱ्या दिवशीं भरलाच पाहिजे, आणि घरच्या संगणकास इंटरनेट मिळेना. वडील नुकतेच लोकलच्या गर्दींतून घामाघूम होऊन आलेले. त्यांचें म्हणणें, मुलानें खेळ खेळून यंत्राचें वाटोळें केलें. मुलाचें म्हणणें, यंत्रच जुनें झालें. मातोश्री केबलवाल्यास बोल लावीत होत्या. इतक्यांत शेजारचे एक परोपकारी गृहस्थ आले, आणि त्यांनीं राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रांत टांचणी घालून ती अर्धा मिनिट दाबून धरली. परिणाम असा झाला कीं, तोंवर घरांतील जे मोबाइल त्याच राउटरवर सुरळीत चालत होते, तेही बंद पडले!

त्या छिद्राचें काम राउटरची स्मृति पुसून टाकणें हें आहे. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें दिलेलें ग्राहकाचें नांव व पासवर्ड त्यांत भरून ठेविलेला असतो. तोही पुसला गेला. तो लिहिलेला कागद घरांत कोणासच सांपडेना. अर्ज सकाळीं सायबर कॅफेंत जाऊन भरावा लागला, आणि कंपनीचा माणूस दोन दिवसांनीं उगवला. मूळचा दोष काय होता म्हणाल, तर लॅपटॉपवरील विमानाचें चित्र असलेली कळ चुकून दाबली जाऊन त्याचें वायफाय बंद झालें होतें, एवढेंच. ती कळ पुन्हां दाबण्यास एक क्षण पुरला असता.

आमच्या मतें त्या घरांत उणीव हुशारीची नव्हती. निदानापूर्वीं औषध देण्याची जी घाई आपणां सर्वांच्या अंगीं मुरलेली आहे, तिनें हा घोटाळा केला. दोष कोणाचा हें ठरविण्यांत चौघांनीं अर्धा तास घालविला. दोष कोठें आहे हें पाहण्यास कोणीही उठलें नाहीं.

‘बिनतारी इंटरनेट’ या नांवानेंच पुष्कळांची फसगत होते. बिनतारी असते ती फक्त घरांतील चार पावलांची वाट, संगणकापासून राउटरपर्यंतची. तेथून पुढें केसासारखा बारीक कांचेचा तंतु खांबांवरून, गच्च्यांवरून, झाडांच्या फांद्यांमधून कंपनीच्या पेटीपर्यंत जातो, व मग जगाशीं गांठ पडते. बदलापूरचा मनुष्य दादरला वेळेवर पोहोंचला नाहीं तर दोष गाडीचाच असेल असें नाहीं; घरापासून स्टेशनापर्यंत त्यास रिक्षाच मिळाली नसेल. वायफाय ही ती रिक्षा, आणि कांचेची तार ही रेल्वे. २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांस सोडवून आणावें लागलें, हें आमच्या भागांतील लोक विसरले नसतील. गाडी मोडली नव्हती. नदीचें पाणी रुळांवर चढलें होतें. त्या वेळीं इंजिनाचे स्क्रू पिळीत बसणाऱ्यास आपण काय म्हटलें असतें?

म्हणून पहिला प्रश्न हाच असावा कीं, एकट्या संगणकाचीच वाट बंद आहे, कीं घरांतील सर्वांची? त्याच खोलींत मोबाइल हातीं घेऊन पाहावें. मात्र त्याचा मोबाइल डेटा अगोदर बंद करावा, नाहीं तर तो दुसऱ्याच वाटेनें इंटरनेट आणून आपणांस खोटी साक्ष देतो. मोबाइलही चालत नसेल, तर राउटरकडे व त्याच्या पेटीकडे वळावें. पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांपाशीं तांबडा दिवा लागला असेल, तर कांचेच्या तारेंतून प्रकाश येत नाहीं असें समजावें. बहुधा तार कोठें तरी तुटलेली, नाहीं तर पिळली गेलेली असते. वाऱ्यानें फांदी पडते, रस्ता खणला जातो. अशा वेळीं घरांतील कोणत्याही वस्तूस हात न लावतां कंपनीस कळवावें. वीज जाऊन आलेली असेल, तर राउटर एकदां बंद करून पुन्हां चालू करावा व पांच मिनिटें धीर धरावा. आपल्या घरीं इन्व्हर्टर असला तरी बाहेरच्या पेटीस तो नसेल, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

मोबाइल चालतो आणि संगणक चालत नाहीं, असें आढळल्यास राउटरला निर्दोष सोडावें. मग संगणकाचें वायफाय चालू आहे काय, आपल्याच घरचें नांव निवडलें आहे काय, पासवर्ड घरांतील कोणी बदलला तर नाहीं ना, हें पाहावें. जोडणीचें नांव संगणकाच्या स्मरणांतून काढून पासवर्ड नव्यानें दिल्यानें पुष्कळदां काम भागतें. राउटरपासून संगणकास साधी तार जोडून पाहण्याची युक्ति तर फारच उत्तम. तारेनें चाललें, तर बिघाड केवळ वायफायच्या भागांत आहे, आणि त्यासाठीं नवा संगणक घेण्याचें कारण नाहीं. कांहीं शें रुपयांत मिळणारा लहानसा अडॅप्टर पुरतो.

येथें एक गमतीचें उदाहरण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जुन्या संगणकांतील घड्याळ चालविणारी बटनाएवढी बॅटरी संपली, कीं त्याची तारीख कित्येक वर्षें मागें जाते. वायफाय जोडलेलें दिसतें, परंतु एकही पान उघडत नाहीं. कारण सुरक्षित संकेतस्थळें आपल्या ओळखीचा जो दाखला दाखवितात, त्यावर मुदतीच्या तारखा असतात. मागच्या काळांत रमलेला संगणक म्हणतो, हा दाखला तर अद्याप सुरूच झालेला नाहीं! तारीख दुरुस्त केली कीं सर्व सुरळीत.

भिंतींचाही विचार करावा. जगदीशचंद्र बोस हे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफों यांचे विद्यार्थी होते. १८९५ सालीं त्यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें बिनतारी लहरी भिंतींपलीकडे धाडून घंटा वाजविली. लहरी भिंत ओलांडतात हें खरें, पण ओलांडतांना थकतात, आणि लोखंडापुढें तर हात टेकतात. आमच्या कित्येक भगिनी राउटर कुरूप दिसतो म्हणून तो पोलादी कपाटांत, नाहीं तर फ्रिजच्या मागें दडवितात. मग आंतल्या खोलींत इंटरनेट कसें पोहोंचावें? उल्हासनगरची अडचण निराळी. लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेल्या व १९४९ सालीं हें नांव मिळालेल्या त्या शहरांत घरास घर व दुकानास दुकान लागून आहे, आणि बहुतेक प्रत्येकांत एक राउटर. २·४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ व ११. एका दालनांत पन्नास माणसें एकदम बोलूं लागलीं म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत दाटी कमी असते, परंतु त्या लहरी भिंतींना अधिक लवकर हार जातात.

आतां माझ्या स्वतःच्या चुकीविषयीं. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद होत्या व आम्ही शिक्षक पडद्यावरून शिकवीत होतों. अंबरनाथची एक विद्यार्थिनी रोज तास अर्धा झाला कीं नाहींशी होई. मीं तिच्या नांवापुढें ‘निष्काळजी’ असा शेरा मारला, व तिच्या वडिलांस फोन करून दोन शब्द सुनावलेही. पुढें कळलें तें असें: घर एका खोलीचें, वायफाय समोरच्या शेजाऱ्यांनीं कृपा करून वापरूं दिलेलें. अकराच्या सुमारास शेजारीण आपलें लोखंडी दार लावून घेई, आणि त्या दाराआड इंटरनेटही जाई. ती मुलगी हें सांगावयास लाजली होती. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांना प्रथम पाप कोणाचें हाच प्रश्न सुचला, असें योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. इतकीं वर्षें तो अध्याय वर्गांत शिकवूनही मला दुसरें कांहीं सुचलें नाहीं. तो शेरा मीं खोडला. फोन मात्र खोडतां आला नाहीं.

माझी सूचना अशी आहे. संगणकाच्या तासांपैकीं वर्षांतून दोन तास शिक्षकांनीं यंत्र मुद्दाम अडवून ठेवावें, आणि दोष हुडकण्याचें काम विद्यार्थ्यांकडे, विशेषतः विद्यार्थिनींकडे सोंपवावें. कारण पुष्कळ घरांत भाऊ टांचणी घेऊन पुढें येतो व बहीण नुसती पाहत उभी राहते. पालकांनीं आपला ग्राहक क्रमांक, कंपनीचा फोन, ग्राहकाचें नांव व पासवर्ड एका कागदावर लिहून तो घरांतच, सर्वांस सांपडेल अशा जागीं ठेवावा. बदलापूरच्या त्या घरीं परवां पुन्हां गेलों होतों. कागद आतां कपाटाच्या दाराला आंतून चिकटविलेला आहे, आईच्या वळणदार अक्षरांत, आणि खालीं तांबड्या शाईनें लिहिलें आहे, “टांचणी वापरूं नये.”