पहिलीला ३४, आठवीला ४५

तुमच्याकडे शाळा जूनमध्ये उघडत असो की एप्रिलमध्ये, त्याआधी शाळेतल्या कुणा एकाच्या गळ्यात वेळापत्रकाचं काम पडतंच. बहुधा ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या. ते तुमच्याकडे आलं असेल, किंवा घरातलं कुणी रात्री जेवणं झाल्यावर चौकटी आखत बसत असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी. हल्ली यासाठी सॉफ्टवेअर मिळतं. रुमानियाच्या लिविउ लालेस्कू यांनी २००२ पासून वाढवत नेलेलं ‘फेट’ तर मोफत आहे. पण ते उघडून बसलेले बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात: सगळ्या वर्गांना आठवड्याला सारख्या तासिका नसतात, हे त्याला सांगायचं कसं?

सारख्या का नसतात, ते आधी पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवलंय. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. शिवाय सहा वर्षांचं पोर दुपारी डुलक्या घ्यायला लागतं, ते सांगायला कायदा लागत नाही.

एक शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, म्हणजे १६ वर्ग. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आणि शनिवारी पाच. पाचवी ते आठवी पूर्ण वेळ बसते: आठवड्याला ४५ तासिका. तिसरी-चौथीला रोज सात आणि शनिवारी पाच, म्हणजे ४०. पहिली-दुसरीला रोज सहा आणि शनिवारी चार, म्हणजे ३४. लहानांच्या तासिका कमी करण्याआधी कायद्याचा हिशोब तपासून घ्या. तासिका ४० मिनिटांची असेल तर ३४ तासिका म्हणजे आठवड्याला २२ तास ४० मिनिटं. ८०० तास भरायला असे ३६ आठवडे लागतात. तासिका ३५ मिनिटांची असेल तर ४१ आठवडे, आणि तेवढे शाळेकडे असतात का ते तुम्हीच बघा.

आता कॉम्प्युटर बंद ठेवून कागद घ्या. चार वर्ग गुणिले ३४, चार वर्ग गुणिले ४०, आठ वर्ग गुणिले ४५. बेरीज ६५६. शाळेत १८ शिक्षक आहेत आणि प्रत्येकाला आठवड्याला ३६ तासिका ठरल्या आहेत असं समजा. होतात ६४८. आठ तासिका कमी! हे सॉफ्टवेअरला कधीही जमणार नाही. तुम्ही रात्रभर मशीन चालू ठेवाल, सकाळी ते तिथंच अडकलेलं असेल आणि दोष त्याच्यावर जाईल. त्या आठ तासिका मुख्याध्यापक घेणार, की दोन जणांचा भार वाढणार, हे माणसांनी बसून ठरवायचं आहे. ते आधी.

बेरीज जमली तरी एक गोष्ट लपलेली राहते, आणि माझ्या मते या साऱ्या कामात तीच सर्वांत महत्त्वाची. सोमवार ते शुक्रवार पहिल्या सहा तासिकांना सोळाही वर्ग भरलेले असतात. १८ पैकी १६ शिक्षक वर्गावर, मोकळे दोनच. सातव्या तासिकेला बारा वर्ग उरतात, आठवीला फक्त आठ, म्हणजे शेवटी दहा शिक्षक मोकळे. आता सकाळी तिघांची रजा आली की काय होतं? बदली तासिकेला माणूस मिळत नाही, दोन वर्ग एकत्र बसवले जातात, आणि तेव्हाच सगळे म्हणतात, ‘दुपारी तर स्टाफरूम भरलेली असते!’ हे कुणाच्या कामचुकारपणामुळं होत नाही. लहान वर्ग लवकर सुटतात म्हणून होतं. वेळापत्रकवाल्या बाईंना किंवा सरांना बोल लावण्याआधी हा आकडा शिक्षकसभेत फळ्यावर लिहून दाखवा.

यावर पूर्ण उपाय नाही, पण निम्मा आहे. मुख्याध्यापकांच्या वाट्याच्या तासिका पहिल्या सहांत टाका. तेवढ्या वेळी एकेक शिक्षक मोकळा होतो. कुणी अर्धवेळ शिक्षक येत असतील, तर त्यांना सकाळी बोलवा. चित्रकलेचे सर रोज चौथ्या तासिकेनंतरच येणार असतील, तर पहिली-दुसरीसाठी त्यांच्याकडे दिवसाला दोनच चौकटी उरतात, पाचवी आणि सहावी. हे आधीच विचारून घ्या. नेमणुकीच्या वेळी सोयीची वाटलेली वेळ जुलैत डोकेदुखी होते.

आता सॉफ्टवेअर उघडा. ते सगळ्या शाळेसाठी एकच चौकट मागतं: दिवस किती, दिवसाला तासिका किती. इथं सर्वांत मोठ्या वर्गाचा आकडा द्यायचा. सहा दिवस, आठ तासिका, म्हणजे ४८ घरं. शनिवारची शेवटची तीन घरं सगळ्या शाळेसाठी ‘ब्रेक’ म्हणून बंद करा. उरली ४५.

मग लहान वर्ग. पहिली-दुसरीच्या ३४ तासिका भरल्या आणि पुढं काहीच सांगितलं नाही, तर सॉफ्टवेअरला ३४ तासिकांसाठी ४५ घरं मोकळी दिसतात. ते हवं तिथं ठेवतं. तिसऱ्या तासिकेला वर्गात बाईच नाहीत, असंही होतं. विद्यार्थ्यांना मध्ये रिकामी तासिका नको, म्हणजे आठवड्याला कमाल गॅप शून्य, अशी अट घातली आणि दिवसाची सुरुवात पहिल्या तासिकेनंच व्हावी असंही सांगितलं, तर मधली भोकं बुजतात. तरीही सोमवारी पोरं आठव्या तासिकेपर्यंत बसतील आणि गुरुवारी चौथीनंतर सुटतील, असं वेळापत्रक त्याच्या दृष्टीनं बरोबरच असतं. त्याला रिक्षावाले काका ठाऊक नाहीत. फाटकाशी उभी राहणारी आजीही नाही.

म्हणून लहानांच्या बाबतीत ती घरं स्वतः बंद करा. ‘फेट’मध्ये वेळेच्या अटींत विद्यार्थ्यांचा एखादा गट कधी उपलब्ध नाही हे सांगायची सोय आहे. पहिली-दुसरीची सोमवार ते शुक्रवार सातवी आणि आठवी ही दहा घरं, अधिक शनिवारची पाचवी. अकरा गेली, राहिली बरोबर ३४. तिसरी-चौथीची रोजची आठवी बंद केली की ४०. मोकळी घरं आणि तासिका यांचा आकडा तंतोतंत जुळला, तर मध्ये भोक पडायला जागाच उरत नाही आणि सुटायची वेळ रोज तीच राहते.

मोठ्या वर्गांत एखादी तुकडी दोन भागांत शिकत असेल, म्हणजे अर्धी मुलं संस्कृतला आणि अर्धी हिंदीला, तर त्या तुकडीत दोन गट करा आणि दोन्ही विषयांची वेळ एकच ठेवा. वर्गाची बेरीज करताना या दोन तासिका एकच धरायच्या. शिक्षकांच्या बाजूला मात्र त्या दोन असतात. इथं बेरीज हमखास चुकते.

बाकी अटी एकदम घालू नका. आधी फक्त तासिका आणि बंद घरं एवढ्यावर चालवून बघा. काही मिनिटांत सुटलं, तर एकेक अट वाढवा: गणित रोज एकदाच, खेळाची तासिका मधल्या सुट्टीनंतर लगेच नको, कुणा शिक्षकाला सलग पाच तासिका नकोत. ज्या अटीनंतर गाडी अडली, ती अट तुमच्यासमोर असेल. सगळ्या अटी पहिल्याच दिवशी घातल्या, तर कोणती नडली ते शोधायला आठवडा जातो. ‘फेट’ अडकल्यावर थांबवलंत, तर ते जास्तीत जास्त किती तासिका बसवू शकलं तेही दाखवतं. ती यादी वाचा. न बसलेल्यांत एकाच शिक्षकाचं नाव पुन्हा पुन्हा आलं, तर अडचण बहुधा त्याच्या उपलब्ध वेळेत असते.

आणि मशीनला वेळ लागला, तर कॉम्प्युटर जुना आहे असं लगेच म्हणू नका. शिमॉन इव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर या तिघांनी १९७६ साली सिद्ध केलं की शिक्षकांच्या वेळांवर बंधनं आली की वेळापत्रकाचं कोडं संगणकशास्त्रातल्या सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या कोड्यांच्या गटात जातं. प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी हमखास रीत आजही कुणाला सापडलेली नाही. यातले शमीर म्हणजे ‘आरएसए’ या प्रसिद्ध सांकेतिक पद्धतीतले ‘एस’. एवढ्या मोठ्या माणसांनी अवघड म्हटलेलं काम तुमच्या शाळेत एक शिक्षिका सुट्टीत, बिनपगारी करते आहे.

तयार वेळापत्रक लावण्याआधी तीन कागद छापा: वर्गवार, शिक्षकवार, आणि तिसरा सहसा कुणी छापत नाही तो, प्रत्येक तासिकेला मोकळे कोण याचा. हा तिसरा कागद बदली तासिका लावणाऱ्या पर्यवेक्षकांच्या टेबलावर काचेखाली ठेवा. फाइलला तारखेसह नाव द्या आणि जुनी फाइल पुसू नका. जुलैत कुणाची बदली झाली किंवा एखादी तुकडी वाढली, तर तिथूनच पुढं सुरू करता येईल.