किती गोळ्या चुकल्या?

आपल्या वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत कर्करोगाने गेलेला प्रत्येक माणूस 'झुंज' देऊनच जातो. सूझन सोंटॅग यांनी १९७८ साली 'इलनेस अॅज मेटाफर' या पुस्तकात आजाराला चिकटलेल्या अशा रूपकांची झाडाझडती घेतली होती. आपल्या वार्ताहरांपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाही. असो. पासष्टीत क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे निदान झाल्यापासून मला या शब्दाचा विशेष जाच होतो, कारण माझ्या वाट्याला रणांगण आलेलेच नाही. आली आहे ती एक गोळी: इमॅटिनिब, ४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर. आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी, जिचे उत्तर टक्क्यांत येते.

ही गोळी मला परवडते यामागे मोठा इतिहास आहे. मूळ कंपनीच्या औषधाला एके काळी महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये पडत, तर देशी पर्यायाला ८,००० ते १०,०००. नोव्हार्टिसच्या पेटंट-अर्जाला हरकत घेणाऱ्यांत आपल्या मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपीलही फेटाळले. जुन्या द्रव्याच्या नव्या रूपाला, परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, पेटंट नाही, हा त्या निकालाचा गाभा. रुग्णांच्या दृष्टीने इतका उपकारक निकाल क्वचितच लागला असेल.

मात्र या उपकाराची एक बाजू कोणी बोलत नाही. 'आता काय, गोळीच तर आहे', असे ज्याला भेटेल तो सांगतो. केमोथेरपीने खंगलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला ते खोटेही म्हणवत नाही. मग सकाळी सुजलेल्या पापण्या, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, सतत मळमळणारे पोट यांची तक्रार कोणत्या तोंडाने करायची? मी राहतो वर्सोव्यात. कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्यावर आला की जन्मभर मला भूक लागत आली. आता मी खिडकी लावून घेतो. ही गोष्ट क्षुल्लक आहे, हे मला कळते. क्षुल्लक आहे म्हणूनच ती मी डॉक्टरांना सांगितली नाही, आणि आठवड्यातून दोन गोळ्या गुपचूप चुकवू लागलो.

पत्नी रोज विचारी, "अहो, गोळी घेतलीत ना?" डॉक्टरही विचारीत, "नियमित घेता ना?" या 'ना'कडे मराठीच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे. त्या एका अक्षरात उत्तर आधीच भरून ठेवलेले असते. समोरच्याने फक्त मान हलवायची असते. मी हलवीत राहिलो. पुढच्या तपासणीत ०.०८ टक्क्यांचा आकडा ०.४ झाला. औषधाला रोग दाद देईनासा झाला की काय, जनुकीय बदलाची चाचणी करावी का, पुढच्या पिढीचे महागडे औषध सुरू करावे का, अशी चर्चा माझ्यासमोर सुरू झाली. मुलाने परदेशातून फोनवर खर्चाचा अंदाजही विचारला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून खरे बाहेर पडले.

डॉक्टर रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले. गोळी सकाळऐवजी रात्रीच्या भरपेट जेवणासोबत घ्या, म्हणाले, आणि मळमळीवर एक साधे औषध लिहून दिले. इतका किरकोळ उपाय मी चार महिने लाजेपायी अडवून ठेवला होता. मात्र लाज एकट्या रुग्णाची मानणे मला मान्य नाही. ज्याला आपण 'लढवय्या' ठरवून टाकतो, त्याने मळमळीपुढे हात टेकल्याचे कबूल कसे करावे? कृतज्ञ राहण्याची सक्ती आणि शूर राहण्याची सक्ती, दोन्हींनी तोंड सारखेच बंद होते.

हल्ली डॉक्टर प्रश्न बदलून विचारतात, "या महिन्यात किती चुकल्या?"

मागच्या खेपेस मी सांगितले, "दोन." त्यांनी ते कागदावर टिपून घेतले.